विस्टमन्स वूड, डार्टमूर: आत न शिरता पाहायचं ओकचं रान

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूर नॅशनल पार्कच्या मधोमध, वेस्ट डार्ट नदीच्या पूर्वेकडच्या उतारावर हे छोटंसं रान आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेतीन हेक्टर. तिकीट नाही, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा नाहीत. शेवाळाने मढलेल्या शिळा आणि त्यांतून वेडीवाकडी वर आलेली बुटकी ओकची झाडं असे फोटो पाहून लोक लांबून येतात आणि पोचल्यावर फलक वाचतात: कृपया रानात शिरू नका, कडेकडेने फिरा. बहुतेकांची नाराजी इथूनच सुरू होते. आमच्या मते ही विनंती अगदी रास्त आहे. शिवाय कडेने पाहूनही या रानाचं फारसं काही निसटत नाही. कुठे उभं राहायचं, कोणत्या वेळी जायचं आणि नजर कशावर ठेवायची एवढं ठाऊक असलं की पुरे.

आत का जायचं नाही, हे शिळांकडे पाहिलं की कळतं. इथली जमीन म्हणजे एकावर एक पडलेले ग्रॅनाइटचे मोठाले धोंडे. मधल्या फटींवर शेवाळाची जाड चादर पसरलेली असते, त्यामुळे वरून सगळं सलग वाटतं. पाय टाकला की चादर फाटते आणि पाय गुडघ्यापर्यंत फटीत जातो. घोटा मुरगळण्याचा, प्रसंगी मोडण्याचा धोका खरा आहे. पण नुकसान माणसापेक्षा रानाचं जास्त होतं. खडकावरचं शेवाळ मुळं धरून बसलेलं नसतं. बुटाच्या एका घासणीने हातभर पट्टा सोलून निघतो आणि तो भरून यायला वर्षं लागतात. दक्षिण टोकाला, जिथे पायवाट रानाला भिडते, तिथल्या काही शिळा उघड्याबोडक्या, राखाडी दिसतात. तिथून थोडं पुढच्या, कुणाचा पाय न पडलेल्या शिळांशी त्यांची तुलना करून पाहा. फलकावरच्या चार ओळींपेक्षा जास्त समजेल. खाली वाकलेल्या फांद्यांवर बसून फोटो काढायची पद्धतही तितकीच घातक आहे, कारण फांदीवरचं शेवाळ, नेचे आणि दगडफूल यांचा थर तेवढ्याने खरवडला जातो.

हेच धोंडे या रानाचे राखणदारही आहेत. आजूबाजूच्या माळावर मेंढ्या, गुरं आणि डार्टमूरची तट्टं चरतात. उघड्यावर उगवलेलं ओकचं रोप टिकत नाही. धोंड्यांच्या खाचेत पडलेल्या फळातून उगवलेलं रोप मात्र तोंडाच्या टप्प्याबाहेर राहतं. म्हणून आसपासचा माळ बोडका आणि शिळांच्या पट्ट्यात तेवढं रान. समुद्रसपाटीपासून 380 ते 410 मीटर उंची, सतत वारा, आम्लधर्मी आणि जेमतेम वीतभर माती, यामुळे झाडांची वाढ खुंटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वय मोजण्यासाठी इथला एक ओक तोडला होता. बुंधा नऊ इंच जाडीचा, आणि वय दीडशे वर्षांहून जास्त भरलं. त्याची नोंद कोरलेली शिळा आजही रानाजवळ आहे. गेल्या शंभर वर्षांत मात्र हे रान पसरलं आहे आणि नवी झाडं जुन्यांपेक्षा सरळ आणि उंच वाढली आहेत. त्यामुळे सगळीच झाडं फोटोतल्यासारखी पिळवटलेली असतील असं धरून जाऊ नका. सरळ झाडं बहुतेक कडेला दिसतात, जुनी आणि वाकडी त्यांच्या मागे.

पोचायला गाडी सोयीची. एक्सिटरहून मोर्टनहॅम्पस्टेड आणि पोस्टब्रिजमार्गे बी 3212 रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर. प्लिमथहून प्रिन्सटाउनमार्गे त्याहून कमी. माळावरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 40 मैल आहे आणि ती पाळण्यासारखी आहे, कारण मेंढ्या आणि तट्टं डांबरावरच ठिय्या देतात, विशेषतः संध्याकाळी. चालायला सुरुवात होते ती टू ब्रिजेस इथून. हॉटेलच्या समोर, रस्त्याच्या उत्तरेला जुन्या खाणीत छोटा कारपार्क आहे. खरी अडचण इथे होते. जागा मोजक्या गाड्यांची. उन्हाळी सुट्टीत आणि शनिवार-रविवारी सकाळीच भरते. मग लोक रस्त्याच्या कडेला गवतावर गाडी चढवतात. पावसानंतर तिथे चाक रुततं, वळणावर समोरचं दिसत नाही, आणि अरुंद रस्त्यावर मोठी वाहनं अडतात. जागा नसेल तर प्रिन्सटाउनच्या कारपार्कमध्ये गाडी लावावी, तिथे थोडा वेळ काढावा आणि दुपारी तीननंतर परत यावं. तोपर्यंत पहिली लाट ओसरलेली असते, आणि उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्याने उजेडही तेव्हाच चांगला असतो. कारपार्कवर स्वच्छतागृह नाही. प्रिन्सटाउनलाच उरकून घ्या.

कारपार्कच्या फाटकातून निघालं की पहिला टप्पा खडीच्या रस्त्याचा, क्रॉकर्न नावाच्या घरापर्यंत. हा भाग कुणालाही जमेल. घराच्या मागून पायवाट उजवीकडे चढते आणि पुढे नदी डाव्या हाताला ठेवून उताराच्या अंगाने जाते. मध्ये दगडी भिंत लागते. वाटेत दगड आणि मुरलेल्या पाण्याचे ओले पट्टे येतात. हिरवंगार, फुगीर, मखमली गवत दिसलं की त्यावर पाय ठेवू नका, त्याखाली चिखल असतो. पिवळट, राठ गवताच्या झुबक्यांवरून चालावं. एकूण अंतर जायचं सुमारे दोन किलोमीटर, चढ जेमतेम 70 मीटर, वेळ 40 ते 50 मिनिटं. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घराच्या पुढे जात नाही. सहा-सात वर्षांची मुलं आरामात चालतात. बूट घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे हवेत. रबरी गमबूट चिखलाला चांगले, पण ओल्या ग्रॅनाइटवर सरकतात.

दक्षिण टोकाशी पोचल्यावर बहुतेक लोक तिथेच गर्दी करतात, चार फोटो काढतात आणि मागे फिरतात. तसं करू नका. रान अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीत, तीन तुकड्यांत पसरलेलं आहे. वरच्या, म्हणजे पूर्वेच्या कडेने उत्तरेकडे चालत राहा. इथे जमीन उतरती असल्यामुळे झाडांचे शेंडे जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतात, आणि आतून मान वर करून जे दिसणार नाही ते इथून समोर दिसतं. फांद्यांच्या वरच्या अंगाला शेवाळाची गादी, त्या गादीत रुजलेले पॉलिपोडी नेचे, त्यांच्या शेजारी बिलबेरीची झुडपं. झाडाच्या अंगावर दुसरी बागच उगवलेली असते. प्रिन्सटाउनच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिमेकडून येणारी हवा स्वच्छ असते. या दोन्ही गोष्टी नसत्या तर हे घडलं नसतं. ब्रिटनमध्ये अशा समशीतोष्ण पर्जन्यवनाचे तुकडेच आता उरले आहेत.

एक फांदी निवडा आणि दहा मिनिटं तिच्याकडेच पाहा. जवळचं फोकस होणारी दुर्बीण असेल तर उत्तम. बुंध्याजवळ जाड, गडद हिरवं शेवाळ. टोकाकडे जिथे वारा आणि उजेड जास्त, तिथे शेवाळ विरळ होऊन करड्या-हिरव्या दगडफुलांचे झुबके सुरू होतात. काही पानांसारखी चपटी, काही दाढीसारखी लोंबती. इथे घोड्याच्या केसांसारखं तपकिरी-काळं, बारीक तंतूंचं ब्रायोरिया स्मिथी नावाचं दगडफूल आढळतं, जे ब्रिटनमध्ये अगदी मोजक्या जागी उरलं आहे. नवख्या डोळ्याला ते ओळखू येणं कठीण, पण ते इथे आहे एवढं कळलं तरी कुंपण नसलेल्या रानात पाऊल आवरायला बळ मिळतं. दगडफूल तोडून खिशात टाकणं, ओकची रोपं उपटणं, काटक्या जमवून शेकोटी पेटवणं यांतलं काहीही इथे चालत नाही. 1964 सालापासून ही जागा विशेष वैज्ञानिक महत्त्वाची म्हणून संरक्षित आहे. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश युवराजांच्या मालमत्तेची. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी लागते.

छायाचित्रं काढणाऱ्यांनी रुंद लेन्स घरी ठेवायला हरकत नाही. कडेवरून ती लावली की अर्ध्या चौकटीत माळ आणि आभाळ येतं, रान लांब पडतं. 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स हवी. तिने खोडं एकमेकांच्या जवळ येतात आणि दाट रान चौकटीत भरतं. ओल्या पानांवरची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर लावा, नाहीतर हिरवा रंग पांढुरका दिसतो. कडक ऊन नको. पानांमधून पडणाऱ्या कवडशांमुळे उजळ भाग जळतात आणि सावली काळी पडते. ढगाळ दिवस किंवा रिमझिम थांबल्यानंतरचा अर्धा तास, तेव्हा शेवाळ पाणी पिऊन फुललेलं असतं. कोरड्या आठवड्यानंतर तेच शेवाळ मिटून फिकं पडतं, आणि तेव्हा आलेले लोक फोटोत जास्त हिरवं होतं म्हणून तक्रार करतात.

ऋतूचं म्हणाल तर आमची पसंती नोव्हेंबर ते मार्च या काळाला. पानं गळलेली असतात, फांद्यांचा पीळ बाहेरूनही स्पष्ट दिसतो, गर्दी नसते. एवढ्या उंचीवर ओकला पालवी उशिरा फुटते. मेच्या सुरुवातीला येऊन हिरवं छत शोधाल तर निराश व्हाल. मे-जूनमध्ये कोकिळ आणि रेडस्टार्ट ऐकू येतात, ते या दिवसांचं खरं देणं. ऑगस्टमध्ये पानांनी आतला भाग झाकलेला असतो आणि माणसंही सर्वांत जास्त असतात. कडेवरून पाहायचं असेल तर ऑगस्ट सगळ्यात वाईट.

उन्हाळ्यात गोचिडांची काळजी घ्या. उंच गवत आणि ब्रॅकन नेच्यांतून चालताना पँट मोज्यात खोचावी, परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि मुलांच्या केसांत तपासावं. चिकटलेली गोचीड कातडीला अगदी लागून चिमट्याने धरावी आणि सरळ, सावकाश वर ओढावी. पिळू नये, तेल किंवा काडेपेटी वापरू नये. नंतरच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरणारा गोल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवून गोचीड चावल्याचं सांगावं, कारण लाइम रोगाला वेळेत औषध लागतं. ऊन खात पडलेला ॲडर साप धोंड्यांवर दिसू शकतो. तो विषारी आहे पण आपणहून अंगावर येत नाही. हात टेकण्यापूर्वी दगड पाहून घेतला की झालं. कुत्रा असेल तर 1 मार्च ते 31 जुलै या काळात तो आखूड पट्ट्यावर बांधलेला असणं सक्तीचं आहे.

चालायची हौस असेल तर त्याच वाटेने परतू नका. रानाच्या वरून पूर्वेकडे चढून 507 मीटर उंचीच्या लाँगाफर्ड टॉरवर जा (टॉर म्हणजे माथ्यावर उघडे खडक असलेली टेकडी). माथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या उघड्या राशीपाशी उभं राहिलं की खालचं रान, नदीचा पट्टा आणि समोरचे बेअरडाउन टॉर एका नजरेत येतात. तिथून डोंगराच्या कण्यावरून दक्षिणेकडे लिटाफर्ड टॉर्सवरून उतरत क्रॉकर्नच्या खडीच्या रस्त्याला लागायचं. पूर्ण फेरी सहा-सात किलोमीटरची, अडीच-तीन तासांची. धुकं मात्र इथे मिनिटांत उतरतं आणि माथ्यावर वाट पुसट आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 28 हा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. मदत लागली तर 999 वर पोलीस मागावेत आणि पोलिसांना माउंटन रेस्क्यू सांगावं. आणखी उत्तरेला लष्कराचं सरावक्षेत्र सुरू होतं, लाल झेंडा दिसला तर पुढे जायचं नाही.

नदीच्या पलीकडच्या काठावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस खणलेला डेव्हनपोर्टचा पाट वाहतो. रानाच्या उत्तरेला वेस्ट डार्टचं पाणी बंधाऱ्याने वळवून तो सुरू होतो. त्या बाजूने अख्खं रान समोर, उतारावर मांडलेलं दिसतं, दुपारनंतर तर पूर्ण उजेडात. मात्र रानापासून थेट नदी ओलांडून तिकडे जायचा मोह पावसानंतर टाळा. माळावरचं पाणी तासाभरात नदीत उतरतं, आणि जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना मांडीपर्यंत असू शकतं. कोरड्या दिवसातही दगड शेवाळाने निसरडे असतात. टू ब्रिजेसहून सुरुवातीपासूनच पश्चिमेची वाट धरणं चांगलं.

संरक्षणाच्या योजनेनुसार 2040पर्यंत रानाचा विस्तार दुप्पट करायचा आहे. त्यामुळे माळावर उगवलेली ओक किंवा रोवनची छोटी रोपं दिसली तर त्यांना वळसा घालून जा.

ज्यांना ओकच्या फांद्यांखालून चालायचंच आहे, त्यांनी हे रान यादीतून काढलेलं बरं. आणि टू ब्रिजेसचा कारपार्क भरलेला असेल, तर डार्टमूरच्या उंच भागात ओकची आणखी दोन जुनी रानं आहेत: मेल्डन तलावाच्या वर वेस्ट ओकमेंट नदीकाठचं ब्लॅक-अ-टॉर कॉप्स आणि दक्षिणेला अर्म नदीकाठचं पाइल्स कॉप्स. दोन्हींना चालणं जास्त आहे आणि त्यामुळेच माणसं कमी. ब्लॅक-अ-टॉरसाठी मेल्डनच्या धरणापासून निघायचं; खडकांवरचं शेवाळ तिथेही तितकंच नाजूक आहे.