पूरग्रस्त जनावरांसाठी गाडी भरताना: ओला चारा की कडबा?

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापुरातले गोठे पाण्यात गेले. अशा वेळी लांबून चारा पाठवणाऱ्या स्वयंसेवकांपुढे पहिला प्रश्न हाच असतो.

ओला चारा जनावर आवडीने खातं, दुभत्या गाई-म्हशींना तो हवाच. पण त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं, म्हणजे गाडीभाडं बहुतांशी पाण्याचं. मका किंवा हत्तीगवत दाबून भरलं की आतून तापतं. ताडपत्री काढल्यावर वाफ आणि आंबूस वास येतो. दोन-तीन दिवस उपाशी जनावरापुढे कोवळा चारा एकदम टाकला तर पोटफुगीची भीती वेगळीच. उसाचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) तिथे सहज मिळतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेट या घटकामुळे शरीरातलं कॅल्शियम कमी होतं. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये.

कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, जागा खातो आणि कुट्टी (बारीक तुकडे) केली नाही तर निम्मा पायाखाली जातो. तरी कोरडा राहिला तर आठवडाभरही काही होत नाही, आणि रिकाम्या पोटाला थोडा थोडा देता येतो. मात्र भिजून बुरशी आलेली पेंढी देऊ नका, कितीही टंचाई असो.

माझ्या मते पहिली गाडी कडब्याच्या कुट्टीची. रस्ते खुले झाले की दुभत्या जनावरांसाठी मुरघासाच्या (हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बंद पिशव्या पाठवाव्यात. सोबत खनिज मिश्रण द्यावं, आणि घटसर्प या जनावरांच्या जीवघेण्या आजाराच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीच बोलून ठेवावं.