सबग्राफ की स्वतःचं पोस्टग्रेस? डीएओच्या मतदानावर नजर ठेवताना

युनिस्वॅपसारख्या डीएओमध्ये (टोकनधारकांच्या मतांवर चालणारी ब्लॉकचेनवरची संस्था) कोणत्या प्रतिनिधीकडे किती मतं साठली आहेत, प्रस्तावाला गणपूर्ती मिळतेय का, शेवटच्या काही तासांत कोणाची मतं पडली, हे समुदायातल्या सगळ्यांना दिसायला हवं. त्यासाठी मनापासून विचार करण्याजोग्या वाटा दोन. द ग्राफ या सेवेवर सबग्राफ (साखळीतले इव्हेंट वाचून हवी ती माहिती साठवणारा प्रोग्राम) लिहायचा, किंवा इथेरियमचे लॉग (करारांनी साखळीवर लिहिलेल्या इव्हेंटच्या नोंदी) स्वतःच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आणून त्यावर आलेख दाखवणारं ग्राफाना बसवायचं. साखळीच्या डेटावर क्वेरी चालवू देणारं ड्यूनही आहेच. आकडा पडताळून बघायला ते फार उपयोगी पडतं, पण दर मिनिटाला तपासून इशारा देणारं साधन त्यावर उभं करू नये.

सबग्राफची जमेची बाजू मोठी आहे. रीऑर्ग झाला (साखळीने शेवटचे काही ब्लॉक रद्द करून दुसरे घेतले) की रद्द झालेल्या ब्लॉकचे परिणाम तो आपणहून मागे घेतो आणि वेबसाइटला डेटा मागायला ग्राफक्यूएल तयार मिळतं. सबग्राफ ज्या भाषेत लिहितात ती असेंब्लीस्क्रिप्ट दिसायला टाइपस्क्रिप्टसारखी असली तरी तिच्यात क्लोजर चालत नाहीत, त्यामुळे बाहेरचं व्हेरिएबल वापरणारा साधा फॉरईच बिल्डलाच अडतो. एका क्वेरीत १,००० च्या वर नोंदी येत नाहीत, मग आयडीच्या आधाराने पुढचं पान मागावं लागतं. या गोष्टींची सवय होते.

सवय होत नाही ती एकाच गोष्टीची: प्रश्न बदलला की सगळं पहिल्यापासून. समजा, सुरुवातीला प्रत्येक प्रस्तावाची बाजूची, विरोधातली आणि तटस्थ मतं एवढंच ठेवलं. महिन्याभराने कोणी विचारलं, किती मतदारांनी मतासोबत कारण लिहिलं? कारण तर प्रत्येक मताची नोंद करणाऱ्या व्होटकास्ट इव्हेंटमध्ये आहेच, पण आपण ते साठवलेलं नाही. स्कीमात एक फील्ड वाढवायचं म्हणजे नवं डिप्लॉयमेंट, आणि सुरुवातीच्या ब्लॉकपासून पुन्हा सिंक. सोबत टोकनचे ट्रान्सफरही घेतले असतील तर ही वाट फारच लांबते. ग्राफ्टिंगने, म्हणजे जुन्या सबग्राफच्या डेटावर नवा जोडून, वेळ वाचतो खरा, पण ग्राफ्टच्या आधीच्या नोंदी जशाच्या तशा उचलल्या जातात, त्यांत नवं फील्ड भरलं जात नाही. म्हणजे हवा तो इतिहासच हाती लागत नाही. समुदायाचे प्रश्न दर आठवड्याला बदलतात, आणि माझा कल पोस्टग्रेसकडे झुकला तो इथेच.

तिथे लॉग उलगडून साठवायचेच नाहीत, कच्चे ठेवायचे. एकच टेबल: ब्लॉक क्रमांक, ब्लॉक हॅश, व्यवहाराचा हॅश, लॉग इंडेक्स, पत्ता, चार टॉपिक (पहिला इव्हेंटची ओळख सांगतो) आणि डेटा. ब्लॉक हॅश आणि लॉग इंडेक्स मिळून युनिक की. अर्थ लावायचं काम व्ह्यूवर (डेटाबेसमधली साठवलेली क्वेरी) सोपवायचं. नवा प्रश्न आला की व्ह्यू बदलायचा, साखळीकडे परत जायला नको. गव्हर्नर अल्फा आणि ब्राव्हो या मतदान चालवणाऱ्या जुन्या आणि नव्या करारांमध्ये तर हे फारच कामी येतं. दोन्हीकडे व्होटकास्टच आहे, पण अल्फात बाजू बूलियन आहे आणि कारण नाही. ब्राव्होत ०, १, २ असे तीन पर्याय आणि कारणही आहे. इव्हेंटची सही (नाव आणि फील्डचे प्रकार) वेगळी म्हणून पहिला टॉपिकही वेगळा. फक्त ब्राव्होचा टॉपिक शोधणाऱ्या क्वेरीतून जुनी मतं गळतात, आणि कुठेही एरर येत नाही.

आकडे न्यूमेरिक ७८,० मध्ये ठेवावेत. युनिस्वॅपच्या युनि टोकनला १८ दशांश असल्याने बिगइंटमध्ये सव्वानऊ टोकनही पुरते मावत नाहीत. १० च्या १८व्या घाताने व्ह्यूमध्येच भागावं, ग्राफानावर सोडू नये.

रीऑर्गचं काय? फायनलाइज्ड, म्हणजे आता रद्द न होणाऱ्या, ब्लॉकपर्यंतच लिहायचं. एरवी हा उशीर साधारण १३ ते १९ मिनिटांचा असतो. अनेक दिवस चालणाऱ्या मतदानात त्याने काही बिघडत नाही, आणि सबग्राफचा सगळ्यात मोठा फायदा आपल्याला लागेनासा होतो.

खरा सापळा लॉग मागवणाऱ्या गेटलॉग्स कॉलमध्ये आहे. आरपीसी पुरवठादाराच्या (साखळीचा डेटा पुरवणारी सेवा) लोड बॅलन्सरमागे एखादा नोड मागे पडलेला असला, तर त्याच्याकडे नसलेल्या ब्लॉकसाठी तो एरर न देता रिकामी यादी देऊ शकतो. आपला कर्सर (कुठपर्यंत वाचलं याची खूण) पुढे सरकतो आणि मध्ये भोक राहतं. उपाय असा: ताजे ब्लॉक रेंजने न मागता ब्लॉक हॅशने मागायचे. हॅश माहीत नसलेल्या नोडला एरर द्यावाच लागतो. दिवसाला सुमारे ७,२०० कॉल होतात, तेवढे परवडतात. शिवाय रात्री मागच्या दिवसाची रेंज पुन्हा ओढावी. एक जरी नवी ओळ घुसली तरी भोक होतं असं समजावं.

एका ठिकाणी मात्र सबग्राफ सोयीचा पडतो. जुलै २०२५ पासून इथेरियमच्या क्लायंटना मर्जच्या (प्रूफ ऑफ स्टेककडे झालेला बदल) आधीचे ब्लॉक आणि रिसीट (ज्यांत लॉग असतात) टाकून देता येतात. युनिचा इतिहास सप्टेंबर २०२० पासूनचा आणि मर्ज सप्टेंबर २०२२ मधला, म्हणजे नव्या नोडवर पहिली दोन वर्षं कदाचित मिळणारच नाहीत. ती जुना इतिहास ठेवणाऱ्या पुरवठादाराकडून एकदाच ओढून डंप करून ठेवावी. एवढी खटपट नको असेल आणि प्रश्नही ठरलेले असतील, तर सबग्राफ घ्यायला हरकत नाही.

इशारा लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ब्राव्होत गणपूर्तीला फक्त बाजूची मतं धरतात, युनिस्वॅपला ती ४ कोटी लागतात. विरोधी आणि तटस्थ मतं मिळवून पट्टी हिरवी केली तर लोक निर्धास्त होतात आणि प्रस्ताव पडतो. दुसरं घड्याळ. मतदानाचे ४०,३२० ब्लॉक १५ सेकंदांच्या हिशोबाने बरोब्बर ७ दिवस होत, पण मर्जनंतर ब्लॉक १२ सेकंदांचा झाला, म्हणजे ५ दिवस १४ तास २४ मिनिटं. पानावर ‘७ दिवस’ असं लिहू नये. प्रस्तावाच्या शेवटच्या ब्लॉकमधून सध्याचा ब्लॉक वजा करावा, १२ ने गुणावं आणि उरलेला वेळ तासांत दाखवावा.