आजीच्या गाण्यामागची घरघर

आजीकडून कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी रेकॉर्ड करायला बसलो, तर पहिल्याच कडव्याला ती थांबली. "हाऊ डबा काब्र बोंबलस?" (हा डबा का बोंबलतोय?) हेडफोन लावला. खरंच, गाण्यापेक्षा घरघर जास्त.

डबा म्हणजे आमचा अमळनेरचा जुना कॉम्प्युटर. जोडून देणाऱ्याने कॅबिनेटसोबत आलेला '५०० वॅट' स्टिकरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, तसाच ठेवला होता. काढला तर खेळण्यासारखा हलका. आत ८० मिमीचा पंखा आणि पात्यांवर कापसाच्या तुसाचा थर. आमच्या गल्लीमागेच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे. पंखा लहान असला की तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं. बोंब तिथूनच.

जळगावला गोलाणी मार्केटमधून कॉर्सेअरचा आरएम६५० (६५० वॅटचा एसएमपीएस) आणि आर्क्टिकचे दोन पी१२ पंखे आणले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन ३०० वॅटही खात नाही, ६५० कशाला?" तर याच्यासाठीच! लोड कमी असला की या एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही. शिवाय ८० प्लस गोल्ड, म्हणजे निम्म्या लोडला कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास. उष्णता होऊन वाया जाणारी वीजच कमी. पहिल्या रात्री तर मागे हात लावून बघितलं, चालू आहे ना.

पी१२ घेताना चार पिनवालाच, पीडब्ल्यूएम (ज्याचा वेग कॉम्प्युटरला कमी-जास्त करता येतो तो), मागा. मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांपर्यंत फिरतो. मी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सीपीयू ६० अंशांवर जाईपर्यंत ७०० वर बांधून ठेवलाय. तरी बारीक गुणगुण राहिलीच होती. दोन संध्याकाळी पंख्याला दोष दिला, मग कॅबिनेटच्या पत्र्यावर बोट दाबलं आणि आवाज गायब. स्क्रू काढून रबरी पिना लावल्या. पुढे जाळी मात्र लावाच, नाहीतर जिनिंगच्या सीझनमध्ये आतच गादी तयार होते.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हवालाच बघा. चौकोनी वेव्हवर असे एसएमपीएस कधी कधी लाइट जाताच बंद पडतात.

मे महिन्यात, पारा ४४ला टेकला की दुपारी एसएमपीएसचा पंखा सुरू होतो. व्हायलाच हवा. म्हणून आम्ही पहाटे पाचला बसतो. आता रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते ती छताच्या पंख्याची कटकट. तो बंद केला की दोन गाण्यांत आजी घामाघूम.