लोटोचे आकडे निवडायच्या पद्धती: सॉफ्टवेअर, व्हील आणि '२७ तिकिटांची गॅरंटी', काही महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीतल्या लोटोपुरता आहे. १ ते ५९ मधून ६ आकडे, तिकीट २ पाउंड, सोडत बुधवारी आणि शनिवारी. तपासलेल्या गोष्टी तीन: जुन्या निकालांवरून 'गरम' आणि 'थंड' आकडे सुचवणारं विकतचं सॉफ्टवेअर, निवडलेले आकडे अनेक तिकिटांवर मांडून देणारे व्हीलचे तक्ते, आणि 'बाकीचे लोक घेत नाहीत ते आकडे घ्या' हा सल्ला. बक्षिसांचा हिशेब नोव्हेंबर २०१८ पासूनच्या रचनेवर धरला आहे.

सॉफ्टवेअर आधी उरकून टाकू, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ही लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा ४९ चेंडू होते. ५९ झाले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. ज्या प्रोग्रॅमात १९९४ पासूनचे सगळे निकाल एकत्र टाकलेले असतात, त्यात ५० ते ५९ हे आकडे कायम 'थंड' दिसतात. आणि 'थंड आहेत, म्हणजे आता येणार' असं म्हणत प्रोग्रॅम तेच पुढे करतो. ते थंड नाहीत, वीसएक वर्षं यंत्रातच नव्हते. म्हणून विकत घेण्याआधी निकाल कुठल्या तारखेपासूनचे आहेत ते बघा.

तारीख बरोबर असली तरी पुढचा घोळ राहतोच. वर्षाला १०४ सोडती धरल्या तर प्रत्येक आकडा सरासरी १०.६ वेळा यायला हवा, पण नुसत्या योगायोगाने यात तीनेकचा फरक सहज पडतो. ५९ आकडे एका तक्त्यात मांडले की एखादा ४ वेळा आणि एखादा १७ वेळा आलेला दिसणारच. न दिसला तर उलट शंका घ्यावी. एक सोपी चाचणी करा: स्प्रेडशीटमध्ये रँडम आकड्यांच्या १०४ खोट्या सोडती तयार करून त्याच प्रोग्रॅमला द्या. तितक्याच आत्मविश्वासाने तो त्यातूनही गरम आकडे काढून देतो.

'वर्षात दोनदा तीन आकडे लागले' असे अभिप्राय जाहिरातींत वाचायला मिळतात. डोळे मिटून घेतलेल्या तिकिटाला तीन किंवा जास्त आकडे लागण्याची शक्यता साधारण ९२ मध्ये १. दर सोडतीला एक तिकीट घेणाऱ्या शंभर जणांपैकी तीसएक जणांना वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा असं यश मिळतं, कुठल्याही पद्धतीशिवाय. अभिप्राय लिहितात ते याच तिसांतले.

व्हील मात्र वेगळा प्रकार आहे. त्यामागचं गणित खरं आहे, फक्त विकणारे त्याचं अर्धंच सांगतात. सगळ्यात लहान उदाहरण आठ आकड्यांचं. आठ आकड्यांच्या चार जोड्या पाडा. प्रत्येक तिकिटावर एक जोडी गाळून उरलेल्या तीन जोड्या भरा. चार तिकिटं, ८ पाउंड. तुमच्या आठांपैकी कुठलेही तीन आकडे सोडतीत आले, तर ते फार तर तीन जोड्यांत विखुरलेले असतील. म्हणजे एक जोडी कोरी राहते, आणि ती गाळलेल्या तिकिटावर ते तिन्ही आकडे असतातच. गॅरंटी पक्की. (आठ आकड्यांचं पूर्ण व्हील, म्हणजे आठांतून सहा-सहाचे होतील तेवढे सगळे संच, घ्यायचं तर २८ तिकिटं, ५६ पाउंड.)

पण त्या आठांपैकी तीन किंवा जास्त आकडे सोडतीत येण्याची शक्यता ३६ मध्ये १ आहे. त्याच ८ पाउंडांत एकही आकडा पुन्हा न घेता २४ वेगवेगळ्या आकड्यांची चार तिकिटं घेतली, तर निदान एका तिकिटाला तीन लागण्याची शक्यता २३ मध्ये १ होते. म्हणजे व्हील घेतल्याने बक्षीस कमी वेळा लागतं. लागतं तेव्हा मात्र झुबक्याने लागतं: आठांपैकी चार आले आणि चारही वेगवेगळ्या जोड्यांतले असले, तर चारही तिकिटांना तीन-तीन जुळतात. जुळणाऱ्या तिकिटांची सरासरी दोन्हीकडे सारखीच आणि जॅकपॉटची शक्यताही सारखीच, ४,५०,५७,४७४ मध्ये ४. कोरडे महिने चालत असतील तर व्हील घ्या. अधूनमधून काहीतरी लागायला हवं असेल तर आकडे पसरवा.

हाताने भरताना एक आकडा चुकला की गॅरंटी गेली, कारण या व्हीलमध्ये एकही तिकीट जास्तीचं नाही. भरून झाल्यावर मोजा: आठातला प्रत्येक आकडा बरोबर तीन वेळा आला पाहिजे.

२०२३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड कुशिंग आणि डेव्हिड स्ट्युअर्ट या गणितज्ञांनी दाखवलेली मांडणी मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटली. ५९ आकड्यांचे पाच गट करायचे: १४ चे तीन, एक ९ चा, एक ८ चा. सोडतीत सहा आकडे आणि गट पाच, म्हणून कुठल्या तरी एका गटात दोन आकडे पडणारच. १४ च्या गटात सात जोड्या करा, त्यांना १ ते ७ म्हणा, आणि तिकिटं अशी भरा (१२३ म्हणजे १, २ आणि ३ क्रमांकाच्या जोड्या): १२३, १४५, १६७, २४६, २५७, ३४७, ३५६. यात कुठल्याही दोन जोड्या एका तिकिटावर एकत्र येतातच. ९ च्या गटाचे तीन-तीनचे तुकडे करून दोन-दोन तुकड्यांची तीन तिकिटं. ८ चा गटही तसाच, रिकाम्या जागी कुठलाही आकडा. एकूण २१ आणि ६, म्हणजे २७ तिकिटं, आणि एका तरी तिकिटावर दोन आकडे जुळणार हे नक्की.

खर्च ५४ पाउंड. दोन आकड्यांना बक्षीस काय, तर एक फुकट लकी डिप, म्हणजे यंत्राने आकडे निवडलेलं आणखी एक तिकीट. त्या दोघांनी १ जुलै २०२३ च्या सोडतीला प्रत्यक्ष २७ तिकिटं घेतली. तीन लकी डिप मिळाली, त्या तिन्हींना काहीच लागलं नाही. कुठल्याही २७ तिकिटांत दोन आकडे सरासरी २.६ वेळा जुळतात. रँडम २७ तिकिटं घेतली तर दोनसुद्धा न जुळण्याची शक्यता साधारण साडेचार टक्के; ही मांडणी तेवढीच फट बुजवते.

लोकप्रिय आकडे टाळण्याचा सल्ला तिन्हींत सर्वांत सरळ. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ आले. १३३ जणांत जॅकपॉट वाटला गेला आणि प्रत्येकाला १,२२,५१० पाउंड मिळाले. मार्च २०१६ मध्ये ७, १४, २१, ३५, ४१, ४२ आले. सातचा पाढा घेणारे इतके निघाले की पाच आकडे जुळलेल्या चार हजारांवर लोकांना प्रत्येकी १५ पाउंड मिळाले, तर तीन जुळलेल्यांना २५! आता खालची बक्षिसं ठरावीक आहेत (तीनला ३०, चारला १४०, पाचला १,७५० पाउंड), त्यामुळे वाटणीचा फटका मुख्यतः जॅकपॉटलाच बसतो. वाढदिवसाच्या तारखा, पाढे, तिकिटावरच्या सरळ रेषा टाळा. जिंकण्याची शक्यता तीळभरही वाढत नाही, वाटेकरी कमी होतात इतकंच.

पैशांचा हिशेब: जॅकपॉट आणि लकी डिप सोडून बाकीच्या सगळ्या बक्षिसांची मिळून सरासरी किंमत २ पाउंडांच्या तिकिटामागे साधारण ५२ पेन्स. वरच्या कुठल्याही मांडणीने हा आकडा हलत नाही. व्हीलचे तक्ते फुकट मिळतात, त्यामुळे सॉफ्टवेअरची किंमत हा वर आणखी तोटा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: राज्य लॉटरीच्या तिकिटावर नंबर छापूनच येतो, तिथे व्हीलला कामच नाही. आणि या प्रोग्रॅमांच्या जाहिरातींबरोबर परदेशी लोटोची तिकिटं घरबसल्या घ्यायचे दुवे येतात, ते उघडण्याआधी एवढं माहीत असू द्या की लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला 'फेमा' या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांनी बंदी आहे.