ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत अ‍ॅप : गावाच्या पैशाचा हिशोब मोबाईलवर, एकदा उघडून बघाच

पाचपैकी चार स्टार. ज्यांचं मतदान अजून गावात आहे, मग राहायला तुम्ही पिंपरीत असा नाहीतर सुरतेला, त्यांनी हे वापरायलाच हवं असं माझं ठाम मत आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

ई-ग्रामस्वराज ही केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची वेबसाईट, २४ एप्रिल २०२० ला पंचायत राज दिनी सुरू झाली. मेरी पंचायत हे त्याच माहितीवर चालणारं मोबाईल अ‍ॅप. वेबसाईटवर रिपोर्ट बघायला लॉगिन वगैरे काही लागत नाही, वर्ष निवडायचं, राज्य, जिल्हा, तालुका आणि मग आपली ग्रामपंचायत. वाडीवस्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तुमची गट ग्रामपंचायत असेल तर वाडीच्या नावाने शोधून काहीच सापडणार नाही, ग्रामपंचायत ज्या नावाने आहे तेच नाव घ्यायचं आणि स्पेलिंगही कधी कधी भलतंच असतं.

आता आत काय दिसतं. एक म्हणजे वर्षाचा आराखडा, आपल्याकडे ज्याला आमचं गाव आमचा विकास म्हणतात तोच, त्यात कुठलं काम धरलंय आणि त्याला किती रक्कम ठेवलीय ते कामवार असतं. आणि दुसरं, जे खरं सोनं आहे, ते म्हणजे जमाखर्चाची व्हाउचर. कुठल्या तारखेला, कशापोटी, किती पैसे गेले ते सगळं. हे पूर्वी बघायचं म्हणजे ग्रामपंचायत ऑफिसात जाऊन रोकडवही मागायची, आणि ती मागणाऱ्या माणसाकडे सगळे कसे बघतात ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको, त्यात बाईने मागितली तर विचारूच नका.

आकडे वाचताना थोडी माहिती पाहिजे नाहीतर नुसतीच यादी दिसते. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना मिळणारा, जो पैसा २०२१-२२ ते २०२५-२६ साठी होता त्यातला आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं. या पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातूनही पगार आणि ऑफिसचा आस्थापना खर्च करता येत नव्हता. एवढं माहीत असलं की बंधितमधून कमानीचं बिल निघालं असेल तर ते लगेच डोळ्यात भरतं.

आमच्या गावचं सांगते. एका गल्लीतल्या गटाराचं पेमेंट झालेलं दिसत होतं आणि गटार मात्र अर्ध्यावर थांबलेलं, पुढे सगळं सांडपाणी रस्त्यावर. व्हाउचरची प्रिंट काढली आणि महिला सभेत वाचून दाखवली. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्या घेऊन उरकतात पण आम्ही बसलो, चांगल्या तासभर बसलो. कुणावर आरोप नाही केला, फक्त विचारलं की ही रक्कम गेलीय तर मोजमाप पुस्तकात किती मीटर लिहिलंय ते दाखवा. तिथे नाही दाखवलं, मग ग्रामसभेत परत तोच प्रश्न, या वेळी पुरुष मंडळीही बोलायला लागली आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या असा आग्रह धरला. पावसाळ्याआधी उरलेलं गटार झालं. एलईडी दिव्यांच्या बिलाबद्दलही विचारलंय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, ते आम्ही सोडणार नाही.

पैसे देण्याची पद्धतही चांगली आहे. वित्त आयोगाचं पेमेंट आता चेकने नाही, सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोघांच्या डिजिटल सहीने थेट ठेकेदाराच्या बँक खात्यात जातं, त्यामुळे प्रत्येक पेमेंटची नोंद मागे राहते. पण सहीची ती पेनड्राइव्हसारखी डोंगल आणि तिचा पासवर्ड जर दुसऱ्याच कुणाकडे असेल तर सही सरपंचाची आणि निर्णय भलत्याचाच असं होतं. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, निवडून आलेल्या सगळ्या सरपंच ताईंना हात जोडून सांगणं आहे की ती डोंगल घरातल्या माणसाकडे नको आणि ऑपरेटरकडेही नको, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा आणि व्हाउचर वाचल्याशिवाय सही करू नका, उद्या चौकशी लागली तर नाव तुमचंच येणार आहे.

आता एक स्टार का कापला. व्हाउचरवर कामाचं वर्णन कधी कधी इतकं मोघम असतं की नुसतं दुरुस्ती लिहिलेलं, कशाची दुरुस्ती, कुठल्या वॉर्डात, काही पत्ता नाही. बिलाची आणि मोजमाप पुस्तकाची स्कॅन कॉपी त्याला जोडलेली पाहिजे, ती नसते. शिवाय इथे मुख्यतः वित्त आयोगाचाच पैसा नीट कळतो, घरपट्टी पाणीपट्टीचा हिशोब इथून समजेल असं धरून चालू नका. रोजगार हमीचं मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरी, बघायला वेगळी वेबसाईट, जलजीवन या नळपाण्याच्या योजनेला वेगळी, म्हणजे एका गावासाठी चार ठिकाणी हिंडायचं, वयस्कर माणसाला हे कसं जमणार.

अ‍ॅपमध्ये नागरिकाला काम सुचवायची आणि झालेल्या कामावर मत द्यायची सोय आहे, ती वापरा पण तेवढ्यावर थांबू नका. हवामान अंदाजही आता ग्रामपंचायतनिहाय मिळतो, ऑक्टोबर २०२४ पासून, त्यामुळे आमच्याकडे बरेच शेतकरी पावसासाठी म्हणून अ‍ॅप उघडतात, उघडलंच आहे तर दोन मिनिटं खर्चाचंही पान बघावं.

जे ऑनलाइन नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्जात सगळा खर्च द्या असं ढोबळ लिहू नका, व्हाउचर नंबर आणि तारीख टाकून त्याच कामाचं अंदाजपत्रक, बिल, मोजमाप पुस्तकाची प्रत मागा, नंबर असला की टोलवाटोलवी करणं अवघड जातं. आणि ग्रामसभेला माणसं घेऊन जा. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते, तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, मग चारपाच जण बसून सगळे ठराव पास करतात. त्यामुळे १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की लगेच घरी पळू नका, प्रिंट खिशात ठेवा आणि सभा संपेपर्यंत बसा.