सुरिन बेटांवर तंबू कुठे टाकाल: चोंगखाद की मायगाम?

थायलंडच्या सुरिन बेटांवर हॉटेलं नाहीत; चोंगखाद आणि मायगाम या दोन किनाऱ्यांवर राष्ट्रीय उद्यानाचे तंबू भाड्याने मिळतात. (शेजारच्या सिमिलान बेटांवर २०१८ पासून मुक्कामच बंद.) चोंगखादला उद्यानाचं कार्यालय आणि मोजके बंगले आहेत. पोरंबाळं, म्हातारी माणसं सोबत असतील तर तेच बरं, पण वर्दळही तिथेच.

मला विचाराल तर मायगाम. इथे बंगले नाहीत, नुसते तंबू. सकाळी चेन उघडली की समोर उथळ, हिरवट पाणी. ओहोटीला ते बरंच आत जातं, म्हणून पोहायचं तर भरती बघूनच. दोन्ही किनारे जंगलातल्या पायवाटेने जोडलेत, त्यामुळे जागा बदलणंही अवघड नाही. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मात्र पावसामुळे बेटं बंद.