आधी बाटलीचं बूड बघा

सप्टेंबर २०२१ मध्ये माझ्या नवऱ्याने पन्नाशी गाठली. त्याला जन्मसालाची वाइन द्यायची, हे माझ्या मनात दोन वर्षांपासून होतं आणि त्यापायी मी ८४० युरोंना फसले. गेलेले पैसे काही परत येत नाहीत. पण पन्नाशीला, साठीला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अशा बाटल्या शोधणारी मराठी घरं आता युरोपात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

आम्ही मूळचे नाशिकचे, गेली अठरा वर्षं जर्मनीतल्या माइंझला राहतो. ऱ्हाइनकाठचा हा सगळा मुलुख द्राक्षांचा. वाइनची गोडी नवऱ्याला इथे लागली, पण त्याचा जीव मात्र फ्रान्समधल्या बरगंडीच्या रेड वाइनवर. १९७१ हे साल बरगंडीला चांगलं गेलं होतं आणि शँपेनलाही, त्यामुळे दोन्हींतली एकेक बाटली घ्यायची असं मी ठरवलं.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली. सासरे वारले, त्यांचं तळघर रिकामं करतोय, असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. मी विचारणा केल्यावर त्याने स्वतःहून फोन केला. कोणासाठी घेताय, जन्मतारीख काय, घरी कोण कोण येणार, सगळं आपुलकीने विचारलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. फिकट निळी शाई, तिरपं अक्षर, बाटल्यांची नावं, खरेदीची तारीख. त्या पानानेच माझा विश्वास बसला. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. रेड वाइनचे ५२० आणि शँपेनचे ३२०, म्हणजे दुकानातल्या भावापेक्षा थोडंसंच कमी.

पैसे पाठवताना ‘ओळखीच्या माणसाला’ हा पर्याय निवडा, नाहीतर कमिशन कापलं जातं, असं तो म्हणाला. मी तसंच केलं. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं.

पार्सल व्यवस्थित आलं. लेबलांवर ओलीचे डाग, कडा कुरतडल्यासारख्या, बुचाखालची पातळी छान वर. मी खूश झाले. जुन्या रेड वाइनचा गाळ खाली बसावा म्हणून ती बाटली तीन दिवस कपाटात उभी ठेवली आणि कपाटाचं दार कोणाला जोरात लावू दिलं नाही.

वाढदिवसाला चार घरची माणसं होती, शिवाय शेजारचे काका. ते जर्मन आहेत, पण आमच्या घरात सगळे त्यांना काकाच म्हणतात. चाळीस वर्षं वाइनच्या व्यापारात काढून ते निवृत्त झाले आहेत.

आधी शँपेन उघडली. बूच मोठ्या आवाजाने सुटलं आणि हातात येताच खालून अळंबीसारखं फुगलं. ग्लासात फेस उसळला, रंग फिका लिंबाळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र बूच उचललं, दोन बोटांत दाबून पाहिलं आणि खिशात टाकलं. सणाच्या दिवशी त्यांना बोलायचं नव्हतं. मग रेड वाइन. मी स्वतः मेणबत्तीच्या उजेडात हळूहळू ओतली, गाळ मानेशी आला की थांबायचं म्हणून. गाळ आलाच नाही. शेवटचा थेंबही स्वच्छ. रंग गडद जांभळट, चवीला मुरंब्यासारखी गोडसर. बरगंडीची रेड वाइन पिनो न्वार द्राक्षाची, ती पन्नास वर्षांत फिकी होते, कडेला विटकरी छटा येते, एवढं मलाही ठाऊक होतं. नवरा एक घोट घेऊन म्हणाला, “अगं, किती ताजी राहिलीय!” माझं मन राखायला म्हणाला, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले आणि समजावू लागले. शँपेनचं बूच बाटलीत जाताना सरळ नळकांड्यासारखं असतं, निम्मं आत दाबलं जातं. तरुण बूच काढलं की खालचा भाग परत फुगतो. वर्षानुवर्षं मानेत दबून राहिलेलं बूच फुगत नाही, लाकडी खुंटीसारखं अरुंद आणि ताठ राहतं. आमचं बूच टेबलावर छत्री उघडल्यासारखं उभं होतं. मग त्यांनी रेड वाइनच्या बुचावरचं आवरण बोटाने चुरगाळलं. त्या काळी हे आवरण शिशाचं असे, जड आणि मऊ, वाकवलं की तसंच राहणारं. शिशावर बंदी आली ती नव्वदच्या दशकात. आमचं आवरण हलकं होतं, कात्रीने कापल्यावर आत प्लास्टिकचा थर दिसला.

मी विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं, अगदी शांत आणि सविस्तर. ते उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे, कारण खरी फसवणूक त्यात आहे. शँपेन कंपनीच्या तळघरात गाळासकट पडून होती, गाळ काढून नवं बूच बसवलं ते बऱ्याच वर्षांनी, म्हणून बूच तरुण आणि वाइन ताजी. रेड वाइनचं बूच उत्पादकाने मध्यंतरी बदलून दिलं, वरून थोडी वाइन भरली, म्हणून आवरण नवं आणि पातळी वर. या दोन्ही गोष्टी जगात खरोखर होतात! शँपेन उशिरा गाळ काढून बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. जुन्या बाटल्यांची बुचं बदलून देणारे उत्पादकही आहेत. मी क्षणभर शरमले, भल्या माणसावर आळ घेतला असं वाटलं. काकांना मेसेज वाचून दाखवला.

काका काही न बोलता उठले आणि दोन्ही रिकाम्या बाटल्या उलट्या करून खिडकीत धरल्या. बुडाच्या काठावर काचेतच उठवलेली अक्षरं होती: ७५ सेंटिलिटर, आणि त्याशेजारी उलटं ग्रीक अक्षर एप्सिलॉन, आपल्या मराठी ३ सारखी दिसणारी बारीक खूण. दोन्ही बाटल्यांवर. मी नखाने चाचपून पाहिली, खरखरीत लागली. ठराविक मापाच्या बाटलीवर ही खूण करण्याचा युरोपचा नियम डिसेंबर १९७४ चा. बरगंडीची वाइन पिंपात साधारण दीड वर्ष राहते, म्हणजे १९७१ ची वाइन १९७३ च्या सुमाराला बाटलीत गेली असणार. शँपेनचं तर त्याहून पक्कं. सुगीनंतरच्या वर्षी वाइन बाटलीत भरतात, दुसरं आंबवणं तिथेच होतं, बुडबुडे तिथेच तयार होतात आणि पुढे गाळ कितीही उशिरा काढला तरी बाटली तीच राहते. बूच बदलतं, आवरण बदलतं, तारेची जाळी बदलते, पण काच बदलत नाही. १९७२ साली भरलेल्या बाटलीवर १९७४ च्या नियमाची खूण कुठून येणार?

त्या माणसाकडे बुचाला उत्तर होतं, आवरणाला, पातळीला, रंगालाही होतं. बुडाचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

बनावट वाइनच्या धंद्यातला सगळ्यात गाजलेला माणूस रूडी कुर्नियावान, त्याची गोष्ट मला काकांनीच सांगितली. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो या बरगंडीच्या वाइन घराण्याच्या, क्लो सँ-दनी या मळ्यातल्या वाइनच्या बाटल्या आल्या, सालं १९४५ पासून १९७१ पर्यंतची. ते घराणं ही वाइन बनवायलाच लागलं १९८२ साली. घराण्याचे प्रमुख लॉराँ पाँसो स्वतः फ्रान्सहून तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. २०१२ मध्ये कुर्नियावानला अटक झाली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरात हजारो छापील लेबलं, बुचं आणि शिक्के सापडले. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. भारी वाइनच्या रिकाम्या बाटल्या तो रेस्टॉरंटकडून मागवून घेत असे. म्हणून खूण नाही तर बाटली खरी, असं मात्र धरून चालू नका. खऱ्या जुन्या बाटलीत नवी वाइन भरणारेही आहेत. १९७४ च्या आधी भरलेली म्हणून विकलेल्या बाटलीवर खूण असली तर ती नक्की खोटी, एवढंच ती सांगते.

घरी महागडी बाटली संपली की लेबलावर जाड पेनाने रेघ मारा, मगच काच टाकायच्या डब्यात टाका. आम्ही आता तसं करतो. आणि पैसे देण्याआधी बुडाचा, बुचाच्या बाजूचा आणि बाटली उजेडासमोर धरलेला, असे तीन फोटो मागा. वही, सासरे, तळघर यांच्या फोटोंची गरज नाही. त्या वहीने मला भुरळ घातली याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी जन्मतारीख सांगितल्यानंतरच ते पान आलं होतं. खरेदीच्या नोंदीत महिना सप्टेंबरच होता.

पोलिसांत तक्रार दिली. दोन्ही बाटल्या, बूच, आवरण, मेसेज सगळं जमा केलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्याच कोणाच्या नावाचं निघालं.

मधे एका मैत्रिणीने तिच्या वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी सापडलेली जाहिरात मला पाठवली. साइट वेगळी, नाव वेगळं, पण सासरे, तळघर आणि निळ्या शाईची वही तीच. तिला म्हटलं, “काही बोलू नकोस, फक्त बुडाचा फोटो माग.” तिने रात्री नऊला मागितला. दहा वाजता जाहिरात निघाली होती.